जुन्या मालट्रकचा साज उजळताना

तंजावरच्या राजवाड्यातल्या कलादालनात तिरुवेंकाडूचा वृषभवाहन शिव उभा आहे. 1011 सालची ही कांस्यमूर्ती शतकानुशतकं जमिनीखाली पुरलेली होती. तिच्या अंगावर धातूचा जो काळपट-हिरवट थर चढला आहे तो कोणी घासून काढत नाही, काढूही नये. त्यामुळेच जटांची वळणं आणि कमरेच्या वस्त्राच्या चुण्या आजही जशाच्या तशा दिसतात. याच मुलखातल्या देवळांत ज्या उत्सवमूर्ती पूजेतून कधी उठल्याच नाहीत, त्यांची स्थिती वेगळी आहे. पिढ्यानपिढ्या अभिषेक झाले, चिंचेनं घासणं झालं, पुसणं झालं. कित्येक मूर्तींचे डोळे आणि नाक झिजून गुळगुळीत झाले आहेत. त्यांच्या बाबतीत ते योग्यच आहे, कारण त्या पूजेसाठीच ओतल्या गेल्या होत्या. पण धातू उजळण्याच्या कामाला हात घालणाऱ्यानं या दोन प्रकारच्या मूर्ती शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. प्रत्येक घासणीबरोबर थोडा धातू जातो आणि गेलेला धातू परत येत नाही.

ही पुस्तिका देवाच्या मूर्तींबद्दल नाही. ती आहे जुन्या मालट्रकच्या साजाबद्दल: बंपर, जाळी, दिव्यांच्या कडा, बॉनेटवरचा बिल्ला, दारावरच्या पट्ट्या, चाकांच्या टोप्या. हा साज चकाकण्यासाठीच घडवलेला असतो, म्हणून त्याला कलादालनातल्या मूर्तीसारखं हात न लावता ठेवणं बरोबर नाही. पण तो ठरावीक जाडीचा, ठरावीक मुलाम्याचा आणि आता कुठेही नवा न मिळणारा असल्यामुळे त्याला दर सणाला समईसारखं घासणंही परवडणारं नाही. या दोन टोकांच्या मधली वाट कशी काढायची, हा पुढच्या पानांचा विषय आहे. ती वाट तंजावरात शोधावी असं मला का वाटतं, ते या प्रस्तावनेत सांगायचं आहे.

तंजावर म्हटलं की मराठी वाचकाला व्यंकोजीराजे आठवतात, सरफोजी आणि सरस्वती महाल आठवतो, बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरलेला भोसले कुळाचा लांबलचक मराठी लेख आठवतो. तिथलं धातुकाम त्या मानानं आपल्या परिचयाचं नाही. कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैत मेणाचा नमुना करून पंचलोहाच्या मूर्ती ओततात. नाचियारकोविलमध्ये कावेरीच्या गाळाच्या बारीक मातीत पितळी समया ओततात, मग बैठक, दांडा आणि पणती वेगवेगळी लेथवर चढवून उजळतात. आणि दुसऱ्या सरफोजींच्या काळात (1798–1832) नावारूपाला आलेली तंजावरची ताटं तर प्रसिद्धच आहेत: पितळेच्या किंवा तांब्याच्या तबकावर चांदीचा उठावाचा पत्रा बसवलेली. तो पत्रा आधी साच्यावर ठोकून उठवतात, मागच्या पोकळीत राळ, विटकरीची भुकटी आणि तेल यांचं मिश्रण भरतात, म्हणजे समोरून छिन्नी चालवताना पत्रा आत दबत नाही. पातळ पत्र्याला मागून आधार दिल्याशिवाय पुढून हात लावायचा नाही ही शिस्त या कारागिरांच्या अंगात मुरलेली आहे. ट्रकच्या जाळीची पोचलेली पट्टी सरळ करताना नेमकी हीच शिस्त लागते.

तंजावर आणि मोटार यांचं नातंही जुनं आहे. टी. व्ही. सुंदरम अय्यंगार यांनी 1912 च्या सुमारास तंजावर ते पुदुक्कोट्टै अशी बस चालवली, आणि पुढे त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांनी दक्षिणेत मोटारधंद्याचा मोठा वृक्ष वाढला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा कोळशाच्या वायूवर गाड्या चालवणारी त्यांची यंत्रं प्रसिद्ध होती. स्वातंत्र्यानंतर या रस्त्यांवर जे ट्रक आले त्यांतल्या काहींचं मूळ मराठी माणसाला जवळचं वाटेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या सहकार्यानं गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज आणि फार्गो हे ट्रक त्यांचेच. मद्रासजवळ एन्नोरला 1948 साली अशोक मोटर्स उभी राहिली आणि 1955 मध्ये ती अशोक लेलँड झाली. तिच्या कॉमेट ट्रकनं तमिळ मुलखात घर केलं. 1954 पासून जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेंझ येऊ लागल्या.

ही नावं मी मुद्दाम घेतो आहे, कारण त्यांच्यातला फरक बऱ्याचदा साजातच असतो. डॉज आणि फार्गो हे मुळात एकच ट्रक होते, दोन वेगवेगळ्या नावांनी विकलेले. बिल्ला आणि समोरचा साज काढून टाकला तर कोणता कुठला हे ओळखणं जाणकारालाही जड जातं. टाटांच्या ट्रकवरचा तीन टोकांचा तारा मर्सिडीज-बेंझबरोबरचा करार संपेपर्यंत, म्हणजे 1969 पर्यंत होता. नंतर तिथे टाटांचं स्वतःचं चिन्ह आलं. म्हणजे बॉनेटवरचा बिल्ला त्या गाडीचा काळ सांगतो. इंजिन बदलतात, लाकडी हौदा तर दोन-तीनदा नवा होतो, रंगाचे थर चढतच राहतात. कारखान्यातून निघालेल्या मूळ गाडीपैकी डोळ्यांना दिसणारं असं जे उरतं, त्यात हा धातूचा साज महत्त्वाचा आहे. भंगारवाल्याच्या तराजूत त्याची किंमत किलोवर ठरते आणि गाडीचा इतिहास तिथेच मिटतो.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात या साजाचे शत्रू बरेच. भाताच्या कापणीचे दिवस आणि ईशान्य मोसमी पावसाचे दिवस एकमेकांच्या फार जवळ येतात, म्हणून ट्रक ओल्या पेंढ्याच्या, चिखलाच्या रस्त्यांवर उभे राहतात. त्याहून वाईट मीठ. वेदारण्यम पूर्वी तंजावर जिल्ह्यातच होतं (1991 मध्ये नागपट्टिणम जिल्हा वेगळा झाला). 1930 साली राजाजींनी तिरुचीहून पदयात्रा काढून तिथेच मिठाचा कायदा मोडला. तिथल्या मिठागरांचं मीठ ट्रकनं जातं. मिठाचा ट्रक म्हणजे धातूच्या साजाची सर्वांत कठीण परीक्षा. मिठातला क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही टोचतो, पृष्ठभागावर बारीक भोकं पाडतो, आणि क्रोमच्या सूक्ष्म भेगांतून खाली उतरून लोखंडापर्यंत पोचतो. अशा गाडीवर पॉलिशचा बोळा फिरवण्याआधी गोड्या पाण्यानं भरपूर धुणं, पट्ट्या उतरवून त्यांच्या मागची खोबण धुणं आणि पुरतं वाळवणं हे पहिलं काम. लोक ते टाळतात, कारण त्यात चकाकी दिसत नाही. पण माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

यानंतरचा प्रश्न: हातात आहे तो धातू कोणता? इथे घाई करणारा हमखास नुकसान करतो. लोहचुंबक लावून पाहणं ठीक आहे, पण तेवढ्यावर निकाल देऊ नये. क्रोम चढवलेल्या लोखंडाला चुंबक चिकटतो, तसाच काही जातींच्या स्टेनलेसलाही चिकटतो. न चिकटलेला तुकडा स्टेनलेस, पितळ, अॅल्युमिनियम किंवा जस्ताचं ओतीव काम असू शकतो. म्हणून तुकडा उलटा करावा. मागच्या बाजूला सहसा मुलामा पातळ असतो किंवा नसतोच. तिथे कानशीचं टोक हलकंसं टेकवलं की पिवळा रंग दिसला तर पितळ. निळसर राखाडी आणि हाताला जड लागलं तर जस्त. फिकट आणि हलकं लागलं तर अॅल्युमिनियम. जुन्या गाड्यांवर दिव्याच्या कडा आणि रेडिएटरची टोपी आतून पितळेची निघाली की मला आनंद होतो, कारण पितळ दुरुस्त करता येतं. जस्ताच्या ओतीव बिल्ल्यावर फोड आले असतील तर ते आतूनच कुजत आलेले असतात. ते घासून सपाट केले तरी काही महिन्यांत पुन्हा वर येतात.

क्रोमबद्दल थोडं विस्तारानं सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहेत. मोटारींवर क्रोम आलं ते 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधी निकेल आणि उघडं पितळ होतं. शोभेचं क्रोम एकटं कधीच नसतं. लोखंडावर बहुधा तांब्याचा थर, त्यावर निकेलचा आणि सर्वांत वर क्रोमचा. चकाकीचा खरा आधार निकेलचा थर असतो, आणि वरचं क्रोम जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन जाडीचं. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉनचा असतो, यावरून त्या थराची कल्पना यावी. अशा थरावर खरखरीत पॉलिश पेपर किंवा भांडी घासायची तार चालवणं म्हणजे क्रोम संपवणं. गंजाचे बारीक ठिपके असतील तर अॅल्युमिनियमची पातळ फॉइल पाण्यात बुडवून हलक्या हातानं घासावी. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ आहे, त्यामुळे ओरखडा न पाडता गंज उचलतं. मग धुवून, वाळवून मेणाचा हात. एवढ्यानं जे उजळत नाही ते घासून उजळणार नाही; त्याला नवा मुलामाच हवा.

इथे एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकेत निकेलवर निर्बंध आले, आणि 1951–52 च्या सुमारास तिथल्या कित्येक गाड्यांवर निकेलशिवाय किंवा अगदी कमी निकेलवर क्रोम चढवलं गेलं. त्या काळातले आयात सुटे भाग लवकर गंजलेले दिसले तर तो नंतरच्या मालकाचा निष्काळजीपणा समजू नये. आणि दुसरं: मालट्रक हे कामाचे होते. अनेक ट्रकवर जाळी आणि बंपर रंगवलेलेच असत, क्रोम हे जास्त पैसे देऊन घ्यायचं ऐश्वर्य होतं. आज जीर्णोद्धार करताना जे मुळात रंगवलेलं होतं त्यालाही क्रोम चढवण्याची हौस दिसते. ती मला मान्य नाही. ट्रक जसा कारखान्यातून निघाला त्याहून जास्त चकाकू लागला की तो त्या गाडीचा इतिहास राहत नाही.

स्टेनलेसच्या पट्ट्या मात्र मनापासून मेहनत करण्याजोग्या आहेत, कारण त्यांवर मुलामा नसतो. वरपासून खालपर्यंत तोच धातू. पट्टीला पोचा असेल तर मागून कठीण लाकडाचा किंवा शिशाचा आधार देऊन छोट्या हातोडीनं हळूहळू उठवावा. मग समोरून बारीक कानस हलकेच फिरवली की उंच जागा चमकते आणि खोल जागा तशीच राहते. पुन्हा मागून ठोक. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम करणाऱ्याला हे सांगावं लागणार नाही: एक मोठा घाव घालण्यापेक्षा शंभर हलके घाव. पोचा निघाल्यावर 320 नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून 400, 600, 800, 1200 असं चढत जायचं, प्रत्येक वेळी आधीच्या रेघांच्या आडवं, आणि आधीच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद घ्यायचा नाही. या टप्प्यावरचा कंटाळा शेवटी बफनंतर पट्टीवर दिसतोच.

बफिंगच्या यंत्रावर सर्वाधिक दुखापती पातळ पट्ट्यांनी होतात. चाक वरून खाली फिरत असतं. वस्तू नेहमी मधल्या रेषेच्या खाली टेकवायची आणि पट्टीचं टोक चाकाच्या दिशेला कधीही करायचं नाही. टोक अडकलं की पट्टी हातातून हिसकावली जाते आणि वाकडी होऊन कुठेही जाते. सैल कपडे, गळ्यातला टॉवेल, लुंगीचं मोकळं टोक यांना यंत्राजवळ जागा नाही. प्रत्येक पॉलिशच्या वडीसाठी वेगळं कापडी चाक ठेवावं, कारण भरड पॉलिशचा एक कण बारीक चाकावर गेला तरी रेघ उमटते. स्टेनलेस तापलं की निळसर-तपकिरी होतं. हाताला चटका बसू लागला की थांबावं. अॅल्युमिनियमची धूळ आणि लोखंडाची ठिणगी एकत्र येऊ देऊ नये; ही धूळ पेट घेते, आणि आग लागली तर ती पाण्यानं विझवता येत नाही. हे सगळं पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे. पण एखादा वाचक थेट बफच्या पानावर जाईल म्हणून इथेच लिहून ठेवलं.

अॅल्युमिनियमबद्दल अजून एक. पट्टीवर ॲनोडायझिंग असेल तर कितीही बफ मारा, ती धुरकटच राहते, कारण वरचा ऑक्साइडचा थर फार कठीण असतो. तो कॉस्टिक सोड्यानं उतरवतात, आणि तेव्हा हायड्रोजन वायू निघतो. बंद खोलीत, चुलीजवळ किंवा सिगारेट ओढत हे काम करू नये. हातमोजे आणि चष्मा नसेल तर सुरूच करू नये. थर उतरला की खालचं उघडं अॅल्युमिनियम लगेच मंद पडू लागतं, त्यामुळे ते पुन्हा ॲनोडाइझ करावं किंवा वारंवार मेण लावण्याची तयारी ठेवावी.

आणि सणाची गोष्ट. आयुधपूजेला तमिळनाडूत ट्रक धुऊन, चंदन-कुंकू लावून, कोहळा फोडून पूजतात. आपल्याकडे खंडेनवमीला तेच. त्या दिवशी चिंच, लिंबू आणि राख घेऊन सगळाच साज घासण्याचा मोह होतो. चिंचेतली आम्लं पितळेवरचा काळेपणा उतरवतात, म्हणून समईला ती योग्य. जस्ताच्या बिल्ल्याला आणि अॅल्युमिनियमच्या पट्टीला हीच आम्लं खातात. बिल्ल्यावर गंध-फुलं वाहावीत, पण चिंच लावू नये, आणि कुंकवाचं ओलं बोट लागलं असेल तर दुसऱ्या दिवशी पाण्यानं धुऊन टाकावं.

आता तंजावरच्या कारागिरांकडे परत येतो. कुजलेला किंवा हरवलेला बिल्ला हा जीर्णोद्धारातला सर्वांत मोठा अडथळा असतो. दुसऱ्या गाडीचा चांगला बिल्ला थोड्या काळासाठी मिळाला तर त्यावरून मेणाचा नमुना करून पितळेत किंवा कांस्यात ओतून घेता येतो. ज्या पद्धतीनं स्वामीमलैत मूर्ती होतात त्याच पद्धतीनं. फक्त एक हिशेब चुकवू नये. धातू थंड होताना सुमारे दीड टक्का आक्रसतो. मूळ बिल्ला 200 मिलिमीटर लांब असेल आणि त्याचाच थेट नमुना काढला तर ओतलेला तुकडा 197 मिलिमीटरच्या आसपास भरेल आणि बॉनेटवरच्या भोकांत बसणार नाही. म्हणून मेणाचा नमुना तेवढा मोठा घ्यावा लागतो. मूर्तिकाराला हा हिशेब सवयीचा असतो, त्याला फक्त भोकांमधलं अंतर मोजून लिहून द्यावं. पितळेचा असा बिल्ला जस्ताच्या मूळ बिल्ल्याहून टिकाऊ होतो आणि त्यावर निकेल-क्रोम उत्तम बसतं. मागे ओतल्याचं वर्ष कोरून ठेवावं, म्हणजे पुढे कोणी त्याला मूळचा समजून फसणार नाही. उठावाचा पातळ पत्रा हवा असेल तर ताटाच्या कारागिरांचं ठोकाठोकीचं कसब तिथे उपयोगी पडेल. नाचियारकोविलच्या लेथवर दिव्याची पितळी कड पुन्हा गोल करून घेणं हे तर त्यांच्या रोजच्या कामाहून वेगळं नाही. जुन्या ट्रकच्या मालकांनी परदेशातून महागडे सुटे भाग मागवण्यापूर्वी या गावांत एकदा जाऊन यावं असं मला कळकळीनं वाटतं. समयांची मागणी घटत असताना या हातांना असं काम मिळालं तर दोघांचंही भलं आहे.

नवा क्रोम मुलामा देण्याबद्दल मात्र एक इशारा. मुलाम्याच्या टाकीत क्रोमिक आम्ल असतं, म्हणजे सहा संयुजेचं क्रोमियम, आणि ते कर्करोगाला कारण ठरतं. तमिळनाडूतच राणीपेटला एका बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याच्या आवारात क्रोमियमयुक्त कचऱ्याचे लाखावर टनांचे ढीग वर्षानुवर्षं पडून राहिले आणि भोवतालचं भूजल नासलं. म्हणून घरच्या घरी क्रोम चढवण्याचे प्रयोग करू नयेत, आणि मुलामा करून घेताना सांडपाण्याची व्यवस्था असलेलाच कारखाना निवडावा. त्यासाठी दोन पैसे जास्त गेले तर जाऊ द्यावेत. जितके तुकडे मुलाम्याविना वाचवता येतील तितके वाचवण्याचा आग्रह या पुस्तिकेत आहे, तो याही कारणानं.

शेवटची बाब कायद्याची. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली. नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. पण ही सोय खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांपुरतीच आहे. मालट्रक त्यात बसत नाही. म्हणजे एखादी जुनी मोटारगाडी वारसा म्हणून नोंदवता येते, पण ज्या ट्रकनं तंजावरचं भात आणि वेदारण्यमचं मीठ वाहिलं त्याला तो दर्जा नाही. हा भेद काढून टाकावा, मालवाहू वाहनांनाही विंटेज नोंदणीत जागा द्यावी, अशी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला माझी विनंती आहे. आणि तोवर ज्यांच्या अंगणात, गिरणीच्या आवारात किंवा शेतात असा एखादा ट्रक उभा आहे त्यांना: त्याचे बिल्ले आणि पट्ट्या सुट्या विकू नका. उतरवल्या असतील तर धुऊन, वाळवून, कापडात गुंडाळून चॅसी नंबर लिहिलेल्या चिठ्ठीसह एकत्र ठेवा.